आखणी कोण शिकवणार?

पेणच्या गणेशमूर्तींविषयीची चर्चा गेली काही वर्षे एकाच पदार्थापाशी अडकून पडली आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२० मध्ये मूर्तिविसर्जनाची सुधारित मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि प्लास्टर ऑफ पॅरिसला मनाई केली. ती अंमलात यायला वेळ लागला, मग प्रकरण न्यायालयात गेले. जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पीओपीच्या मूर्ती घडवण्याची वाट मोकळी केली, मात्र नैसर्गिक पाणवठ्यांत त्या सोडण्यावर बंधन कायम ठेवले. मूर्तिकारांच्या संघटना, पर्यावरणाचे कार्यकर्ते, सार्वजनिक मंडळे, सरकार, सगळ्यांनी आपापली बाजू जोरात मांडली. माती की प्लास्टर, पाण्यात काय विरघळते, किती दिवसांत विरघळते, यावर पुष्कळ बोलून झाले. एक प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही. उद्या सगळ्यांनी शाडूच हवी असे ठरवले, तर शाडूत काम करणारे हात कुठून येणार? ते कोणी घडवले आणि पुढचे कोण घडवणार? पेण आणि भोवतालच्या गावांनी मूर्तींच्या बरोबरीने मूर्ती शिकवण्याची एक रीत घडवली आहे. ही रीत स्वतःच एक कला आहे आणि तिला कलेचा मान, कलेचा पैसा आणि शाळेची जागा मिळाली पाहिजे, असे मला ठामपणे वाटते.

ही रीत कशी चालते ते आधी पाहू. कारखान्यात नवा आलेला मुलगा किंवा मुलगी पहिल्या दिवशी मूर्तीला हात लावत नाही. गुजरातेतून आलेली शाडू भिजवणे, मळणे, तिच्यातला खडा वेचणे, साचे पुसून जागच्या जागी ठेवणे, इथून सुरुवात होते. मग साच्यात माती दाबायची. दाब कुठे कमी पडला की नाक बसते, कुठे जास्त पडला की माती साच्याला धरून राहते. दोन अर्धे भाग जोडताना सांधा ओला किती ठेवायचा, जाडी कुठे राखायची, हे बोटांना कळावे लागते, कारण शाडू वाळताना आकसते. जाड भाग सावकाश वाळतो, पातळ भाग लवकर वाळतो, आणि मधोमध तडा जातो. म्हणून मूर्ती सावलीत वाळवायची, पावसाळी हवेत घाई करायची नाही, तडा दिसला तर कोणत्या पातळपणाची माती भरायची ते ठरवायचे. त्यानंतर कोरणीने बारीक काम, घासकाम, पांढरा हात, अंगाचा रंग, पीतांबर, शेला, सोनेरी. डोळ्यांची आखणी सगळ्यांत शेवटी, आणि ती ज्याच्या-त्याच्या हाती दिली जात नाही. भुवईची रेघ एका दमात ओढायची, बुबुळ ठेवायचे, दोन्ही डोळ्यांची नजर एका जागी आणायची. हे कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नाही. जाणत्याच्या शेजारी बसून, आधी टाकाऊ तुकड्यांवर, मग मागच्या रांगेतल्या मूर्तींवर, मग पुढच्या रांगेत, असा हात वर चढत जातो. या चढणीत परीक्षा असतेच. तिचा निकाल लगेच लागतो आणि शेजारी बसलेल्या सगळ्यांना तो दिसतो. चुकलेला डोळा कोणी तरी न बोलता पुसतो, पुन्हा काढून दाखवतो आणि कुंचला परत हातात देतो. शिकवणे आणि काम यांच्यामध्ये इथे भिंत नाही, आणि या रीतीचे सगळे बळ त्यातच आहे.

या रीतीचा प्रसार ही तर सांगण्यासारखी गोष्ट आहे. पेण शहरातल्या जुन्या कारखान्यांमध्ये, देवधरांसारख्या घराण्यांच्या हाताखाली जी माणसे तयार झाली, त्यांतली कितीतरी आपापल्या गावी गेली. हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत, दादर अशा गावांमधून घरोघर साचे आले, पडव्यांचे कारखाने झाले. ही गावे भातशेतीची आणि खाडीकाठची. भात झोडून झाले की हात मोकळे असत. ते हात मातीत शिरले. आज या पट्ट्यात शेकडो कारखाने आहेत, दर वर्षी लाखो मूर्ती बाहेर पडतात, आणि रंग न दिलेल्या कच्च्या मूर्ती इथून दूरदूरच्या कारखान्यांत जाऊन तिथे रंगतात. या सगळ्यातला मोलाचा भाग असा, की मूर्तिकाम हे कुंभाराचे किंवा ठराविक घराण्याचे काम उरले नाही. आगरी, कोळी, कुंभार, ब्राह्मण अशा वेगवेगळ्या समाजांतले लोक या कामात आले, बायका आल्या. महाराष्ट्रात बहुतेक हस्तकला जातीच्या कुंपणात वाढल्या आणि कित्येक त्या कुंपणातच कोमेजल्या. पेणने हे कुंपण ओलांडले. त्यासाठी कोणी ठराव केला नव्हता. जो कारखान्यात येऊन बसेल त्याला काम दाखवायचे, एवढ्या साध्या व्यवहारातून ते घडले. कौशल्य वाटून घेतल्याने ते वाढते याचा याहून मोठा पुरावा रायगड जिल्ह्यात शोधावा लागणार नाही.

आता हाच पट्टा दुसऱ्या बाजूने पाहा. कासू ते नागोठणे आणि पुढे रोहा या भागात तरुणांसमोर आज वेगळी निवड आहे. डोलवीचा पोलाद कारखाना, नागोठण्याचा पेट्रोरसायन प्रकल्प, रोह्याची धाटाव औद्योगिक वसाहत, महामार्गावरची हॉटेले आणि गोदामे. कंत्राटदाराकडची पाळी महिन्याला पगार देते, माती देत नाही. त्यात पीओपी आले तेव्हा माती समजून घेण्याची गरजही उणावली. प्लास्टर काही मिनिटांत घट्ट होते, काथ्याने त्याला बळ येते, रबराच्या साच्यातून बारीक नक्षीसकट मूर्ती निघते, ती हलकी असते आणि प्रवासात कमी फुटते. कारखानदाराने ते का स्वीकारले हे समजण्यासारखे आहे आणि त्यासाठी त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण प्लास्टरवर शिकलेल्या पिढीला वाळत्या मातीचा स्वभाव ठाऊक नसतो. तो ठाऊक असलेली माणसे आता वयस्क झाली आहेत. म्हणजे पदार्थावर बंदी घालून किंवा ती उठवून प्रश्न सुटत नाही. शाडूकडे परतायचे तर मातीचे ज्ञान एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जायला हवे, आणि ते परिपत्रकाने जात नाही.

हाताने शिकण्याचा विचार या मातीला परका नाही. विनोबांचा जन्म १८९५ चा, पेण तालुक्यातल्या गागोदे गावचा. त्यांचे आजोबा गणेशोत्सवात घरीच मूर्ती करीत आणि त्या कामात मुलांचा हात असे, असे विनोबांनी आपल्या आठवणींत सांगितले आहे. पुढे ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद झाली आणि झाकिर हुसेन समिती नेमली गेली. नई तालीमची रूपरेषा आखणाऱ्या त्या समितीत विनोबा होते. हस्तोद्योग हा शाळेतला एक जादा तास न राहता सगळ्या शिक्षणाचा कणा व्हावा, ही त्या योजनेची मागणी होती. ती फसली, आणि का फसली हे नीट पाहिले पाहिजे. मध्यमवर्गीय पालकांना ती गरिबांच्या मुलांसाठीची शाळा वाटली. दलित आणि कष्टकरी समाजातल्या विचारवंतांना वाटणारी शंका याहून खोल होती. जातीचा धंदा शाळेत आणून मुलाला पुन्हा तिथेच बांधणार काय? ही शंका रास्त आहे आणि हाताच्या शिक्षणाची बाजू घेणाऱ्या प्रत्येकाने तिला उत्तर दिले पाहिजे. माझे उत्तर पेणच्याच इतिहासात आहे. धंदा बापाकडून मुलाकडे जातो तेव्हा तो बांधतो. तोच धंदा शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे, एका समाजाकडून दुसऱ्याकडे जातो तेव्हा तो मोकळे करतो. शाळेने पहिल्या वाटेचे अनुकरण करू नये, दुसरी रुंद करावी.

नई तालीम विसरली गेली तरी तिचा धागा महाराष्ट्रात तुटला नाही. हिंदुस्थान लिव्हरमधली शास्त्रज्ञाची नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेतून गळलेली मुले तिथे वेल्डिंग, बांधकाम, शेती, वीज यांतून विज्ञान शिकली, आणि ती शिकताना गावाला लागणाऱ्या वस्तू बनवून देत होती. पुण्यात अरविंद गुप्तांनी काडेपेटीतल्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी आणि रद्दी कागद यांतून खेळणी केली आणि ती कशी करायची हे सगळ्या जगाला फुकट दाखवले. या दोघांनाही आपण शिक्षणाच्या खात्यात टाकतो. कलेच्या खात्यात टाकायला आपण का कचरतो, याचे कारण आपल्या कलाशिक्षणाच्या जन्मातच सापडते. सर ज. जी. कलाशाळा १८५७ मध्ये निघाली. १८६५ मध्ये आलेल्या लॉकवुड किपलिंग यांनी विद्यार्थ्यांकडून मुंबईतल्या इमारतींसाठी शिल्पकाम करून घेतले, आणि १८९१ मध्ये तिथे रे आर्ट वर्कशॉप्स उघडली ती कारागिरीच्या शिक्षणासाठीच. म्हणजे सुरुवातीला कारागीर आणि कलावंत एका आवारात होते. काळाच्या ओघात चित्रकार आणि शिल्पकार एका दाराने आत गेले, कारागीर दुसऱ्या दाराने बाहेर पडले. स्वाक्षरी असलेले काम कला ठरले, बिनस्वाक्षरीचे काम माल ठरला. शिकवणे तर कशातच बसले नाही.

गेल्या अर्धशतकात जगाने हा हिशेब पुन्हा मांडायला घेतला आहे. जर्मन कलावंत जोसेफ बॉइस यांनी १९७० च्या दशकात मुक्त विद्यापीठाची कल्पना मांडली आणि शिकवणे हे आपले मोठे काम मानले. कासेलच्या डॉक्युमेंटा या मोठ्या प्रदर्शनाची २०२२ ची आवृत्ती जकार्ताच्या रुआंगरुपा या गटाने सांभाळली. भाताच्या सामाईक कोठारात जादाचे धान्य ठेवावे आणि गरजवंताने न्यावे, या त्यांच्या देशातल्या रूढीवरून त्यांनी पैसा, वेळ आणि कौशल्य वाटून घेण्याची पद्धत बेतली. त्या प्रदर्शनावर गंभीर वाद झाले आणि ते झटकून टाकण्यासारखे नाहीत, पण एकमेकांना शिकवणे हेच कलाकाम, हा विचार त्यातून जगासमोर ठामपणे आला. आपल्याही जवळ उदाहरण आहे. मुंबईच्या नवजोत अल्ताफ १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून बस्तरमधल्या कोंडागावच्या आदिवासी कलावंतांबरोबर काम करतात. गावातल्या हातपंपांच्या जागा आणि मुलांसाठीच्या वास्तू तिथे सगळ्यांनी मिळून घडवल्या. पाणी भरणाऱ्या बायकांना वाकावे किती लागते, हंडा कुठे टेकतो, हे त्या कामात घाटाइतकेच महत्त्वाचे ठरले. कासेलमध्ये आणि कोंडागावात ज्याला समकालीन कला म्हणतात, त्याच्याशी हमरापूरच्या पडवीतल्या व्यवहाराचे नाते उघड आहे. फरक इतकाच, की हमरापूरला कोणी समीक्षक गेला नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. साच्यातून निघालेल्या हजार मूर्तींना कला कशी म्हणायची? साचा आधी कोणी तरी घडवलेल्या मूळ मूर्तीवरून निघतो, हे उत्तर खरे असले तरी पुरेसे नाही, कारण ते पुन्हा एका एकट्या कलावंताला शोधायला लागते. माझा भर वेगळ्या ठिकाणी आहे. एकाच साच्यातल्या दोन मूर्ती दोन हातांनी आखल्या की दोन चेहरे होतात, आणि घरचे लोक चतुर्थीच्या आधी कारखान्यात येऊन त्यातला आपला चेहरा निवडतात. संगीतात एकच बंदिश शंभर गायक गातात म्हणून कोणी तिला नक्कल म्हणत नाही. साचा ही इथली बंदिश आहे, तो सगळ्यांचा आहे, आणि शिकणाऱ्याला पाय ठेवायला पहिली पायरी तोच देतो. साचा नसता तर या कामात केवळ मोजकी जन्मजात हुशार माणसे शिरली असती.

दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे. कारखान्यातले काम नगावर किंवा रोजावर चालते, हंगामापुरते असते, रंगाच्या फवाऱ्यात तासन् तास बसावे लागते. त्याला कलाशाळा म्हणणे म्हणजे कमी मजुरीवर फुलांची माळ घालणे नव्हे काय? तसे होऊ शकते, आणि मजुरीचा प्रश्न बाजूला सारून कोणी कारखान्याचे गोडवे गाईल तर मीही त्याला विरोध करीन. पण शिकवण्याला किंमत नसल्यामुळेच मजुरी पडते, हे लक्षात घ्या. आखणी करणारी बाई दिवसभरात किती मूर्ती पुऱ्या करते याचा दाम मिळतो. शेजारच्या मुलीचा हात धरून तिने दोन तास घालवले तर त्या दोन तासांचे काहीच मिळत नाही, उलट तिचे नग कमी भरतात. सरकारी योजनांतही हेच होते. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत, त्यात मूर्तिकार आणि कुंभार येतात. कारागिराला पाच-सात दिवसांचे प्राथमिक प्रशिक्षण, त्या दिवसांचे रोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपये, पुढे कर्ज, हे सगळे उपयोगाचे आहे. पण तीस वर्षे माती हाताळलेल्या माणसाला ही योजना प्रशिक्षणार्थी म्हणून बसवते. शिक्षक म्हणून उभे करत नाही. शिवाय लाभ कुटुंबातल्या एकालाच. जिथे नवरा साचा भरतो, बायको आखणी करते आणि मुलगी पीतांबर रंगवते, तिथे कारागीर म्हणून कोणाचे नाव लागणार, हे सांगायला नको. भौगोलिक मानांकनाचेही असेच आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये ते मिळाले होते, तरी २०२५ मध्ये इटलीतल्या प्राडाने तसाच घाट मिलानच्या मंचावर नेला, गदारोळ झाल्यावर त्याचे मूळ मान्य केले. मानांकन नावाचे रक्षण करायला उपयोगी पडते. पुढच्या पिढीला ते काही शिकवत नाही.

तिसरा आक्षेप खुद्द कारखानदारांचा असू शकतो. मुंबई-पुण्यात श्रावण लागला की ‘आपला बाप्पा आपणच घडवा’ अशा कार्यशाळा भरतात. सगळेच घरी मूर्ती करू लागले तर आमचे काय? आणि दोन तासांत शिकून होते असे लोकांना वाटू लागले तर आमच्या कामाची किंमत काय राहील? यातली पहिली भीती पेणच्याच अनुभवाशी जुळत नाही. पेण शहराने शिकवलेल्या माणसांनी गावोगाव कारखाने काढले, तेव्हा शहराचे नाव बुडाले नाही, दूरवर पसरले. स्पर्धा वाढली, भाव पडले, स्वस्त प्लास्टरची लाट त्या चढाओढीतूनही आली, हेही तितकेच खरे, आणि म्हणून वाटून घेणे नुसते चांगुलपणावर सोडून चालत नाही. दुसऱ्या भीतीला मात्र कार्यशाळा हेच औषध आहे. ज्याने स्वतः सोंड जोडताना ती तीनदा गळून पडलेली पाहिली, तो शाडूच्या मूर्तीचा भाव ऐकून कपाळाला आठ्या घालत नाही. अशा कार्यशाळांनी मूर्तिकार तयार होणार नाहीत, जाणते गिऱ्हाईक तयार होईल, आणि शाडूला आज सर्वांत मोठी उणीव जाणत्या गिऱ्हाइकाचीच आहे. अट एक असावी. शहरातली ही कार्यशाळा पेण-हमरापूरच्या कारागिराने घ्यावी आणि तिचे शुल्क त्याच्या हाती पडावे.

करायचे काय, तर फार नवे काही शोधायचे नाही. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीदरम्यान मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवावेत आणि त्या काळात त्यांनी गावातल्या सुतार, माळी, कुंभार, कलावंत यांच्याकडे शिकावे, असे सुचवलेले आहे. बहुतेक शाळांत हे दिवस सहलीत किंवा चित्रकलेच्या स्पर्धेत जातात. कासू, वडखळ, नागोठणे आणि रोह्यापर्यंतच्या जिल्हा परिषदेच्या शाळांनी, वाड्या-वस्त्यांवरच्या शाळांसकट, हे दहा दिवस सलग घेऊन मुलांना मूर्तीच्या कारखान्यात नेले पाहिजे. वेळ मात्र नीट निवडावी लागेल. श्रावणात कारखान्यांत उसंत नसते. दिवाळीनंतर कच्च्या मूर्तींचे काम चालते, हवा कोरडी असते, शाडू नीट वाळते आणि जाणत्या माणसाला शेजारी कोणी बसवून घ्यायला सवड असते. दहा दिवसांत एक मूल माती मळण्यापासून पहिल्या वाळलेल्या मूर्तीपर्यंत पोचू शकते. दुसऱ्या वर्षी ते रंगापर्यंत पोचेल. ज्याला गोडी लागेल ते सुट्टीत आपणहून येईल, बाकीच्यांना निदान हाताने विचार करणे म्हणजे काय ते कळेल. पुढे ती मुले डोलवीच्या पोलाद कारखान्यात गेली तरी त्यात काही वाया जाणार नाही. खर्च जिल्हा नियोजनाच्या निधीतून भागू शकतो, आणि तो प्लास्टर गोळा करणे, हौद बांधणे, वाहतूक यांवर दर वर्षी होणाऱ्या खर्चापुढे किरकोळच असेल. शिकवणाऱ्याला मानधन रोजच्या मजुरीहून अधिक द्यायला हवे, कारण त्या दिवसाचे त्याचे नग बुडणार आहेत. आणि ते मानधन कारखान्याच्या खात्यात न टाकता, साचा भरणाऱ्याला, घासकाम करणाऱ्याला, आखणी करणाऱ्या बाईला वेगवेगळे, ज्याच्या-त्याच्या नावाने मिळावे.